झीनाच्या एप्रनचा खिसा

५ मार्च २००७, सोमवार

अर्सेनच्या रक्तात पांढऱ्या पेशी ब्याण्णव हजार! डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी तो गंभीर चेहऱ्याने वाचला — जणू काही कळतंय. संस्कृतात रक्ताला सात नावं. आठव्या वर्षी वडिलांनी पाठ करून घेतली होती. रुधिर, शोणित, लोहित, असृक्... पन्नाशी उलटल्यावर प्रथमच गरज पडली आणि सातांतलं एकही कामाला आलं नाही.

रक्ताचा कर्करोग. वेगाने वाढणारा. "चेर्नोबिलला सफाईला गेले होते का?" बाईंनी विचारलं. गेला होता. शहाऐंशीचा उन्हाळा, रस्ते धुणारा पाण्याचा टँकर. बाईंनी मान हलवली — दुकानदार जुनं गिऱ्हाईक ओळखून हलवतो तशी.

माझ्या बायकोने, झीनाने, कागदाची घडी घातली. अठरा वर्षांचा संसार; ही बाई गप्प बसली की घरातलं घड्याळ ऐकू येतं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "गोवरसुद्धा त्याला माझ्यानंतर झाला. शाळेत माझ्यामागे, दात यायला माझ्यामागे. यातच कसा पुढे गेला मेला!"

एकुलता एक भाऊ तिचा. माझा एकुलता एक मेहुणा. आणि खरं सांगायचं तर, या देशातला माझा एकुलता एक मित्र.

८ मार्च

महिला दिन. अर्सेनच्या हाताला सलाइन, पण हुकूम चालूच. "दाजी, खाली जा, पिवळी मिमोझाची फुलं आणा. सहा नर्सा, एक डॉक्टरीण, एक फरशी पुसणारी निना. निनाची जुडी सगळ्यांत मोठी हवी. खरी सत्ता तिच्या हातात आहे!"

आठ जुड्या घेऊन मी बर्फाच्या चिखलातून आलो. झीनासाठी आणायची राहिली. तिने पाहिलं, हसली. "बघ, परक्या बायका बऱ्या आठवतात!"

अक्षम्य. पुन्हा खाली गेलो. मिमोझा संपली होती.

१४ मार्च

आयोगाचा कागद आला. आजाराचा संबंध अपघाताशी आहे, मान्य. म्हणजे चेर्नोबिलग्रस्तांचा पहिला वर्ग, म्हणजे ही खाट आणि बरीचशी औषधं फुकट. मान्य का झालं? तर त्याच्या फाइलीत किरणांचा आकडा नोंदलेला आहे — सव्वीस. मर्यादा पंचवीस होती. त्याच्या तुकडीतल्या बाकी सगळ्यांच्या फाइलींत हुकमी चोवीस दशांश नऊ. जणू किरण रांगेत उभे राहून समान वाटप करून गेले! अर्सेन तेवढा सव्वीस.

त्या सव्वीसची गोष्ट या घरात प्रत्येक ईस्टरला, प्रत्येक वाढदिवसाला होते. मी सतरा वर्षं ऐकतोय. कागद येताच झीनाने त्याला दम दिला — "ती गोष्ट आता कुणापुढे सांगायची नाही. नर्सेपुढे नाही, निनापुढे नाही. तोंड शिवून टाकीन."

"ताई, ती गोष्ट गेली तर माझ्यापाशी उरलं काय?"

गोष्ट अशी. सफाईवाल्यांच्या छातीवर बटणाएवढं मापक लावायचे. महिनाअखेरीस हिशेबनीस ते यंत्रात घालून वाचायचा. पंचवीस भरले की माणूस घरी. अर्सेनला घरी जायचं नव्हतं — खानावळीत बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, वाढणारी एक मुलगी होती! बावीस वर्षांचा घोडा; किरणांना भीत नव्हता, त्या मुलीशी बोलायला भीत होता. धीर गोळा करायला वेळ हवा होता. मग मापक भरूच नये म्हणून त्याने काय केलं? झीना त्याच भागात धुलाईखान्यात कामाला होती. रोज सकाळी टँकर घेऊन निघण्याआधी आपलं मापक तिच्या एप्रनच्या खिशात टाकायचं, असं ठरवून तो पहिल्याच दिवशी टाकून आला. आणि रोजची कटकट नको म्हणून परत घेतलंच नाही!

"दाजी, सगळ्यांत स्वच्छ जागा शोधली होती! साबण, उकळतं पाणी, सोडा! आणि चोवीस दिवसांनी वाचायला नेलं तर ते नतद्रष्ट बटण सव्वीस दाखवतं! हिशेबनीस म्हणतो, सुटा घरी. मी म्हणतो, अहो, यंत्र बिघडलंय! त्याने त्याच संध्याकाळी मला बसमध्ये बसवलं. आणि सप्टेंबरात त्या मुलीशी लग्न केलं. हिशेबनिसाने!"

इथे सगळे टेबल बडवून हसतात. मीही. सर्वांत जोरात मीच. एका वर्षी ही गोष्ट पुण्याला वर्तमानपत्राला पाठवली होती. वाचकांची पत्रं आली, फार आवडली म्हणून.

२१ मार्च

प्लेटलेटसाठी रक्त लागतं, ते नातेवाइकांनी द्यायचं. माझा गट चालला. संध्याकाळी अर्सेन खाटेवरून — "दाजी, काहीतरी होतंय मला. खारवलेली चरबी नकोशी वाटते. भात खावासा वाटतो. उद्या शेंडी फुटणार!"

शेंडी कुठली. आज सकाळी उशीवर सगळे केस होते.

२९ मार्च

पहिल्या औषधांनी रोग दबला आहे. गेलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या — दुसऱ्याची अस्थिमज्जा चढवायची, तीही सख्ख्या भावंडाची. मेळ बसण्याची शक्यता चारांत एक. नाही बसला तर? बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. बॉयलरचं धुराडं आहे.

बहीण एकच. फासा एकदाच पडणार.

झीना खाटेशी जाऊन उभी राहिली. "घे मेल्या. माझी सायकल घेतलीस, माझी खोली घेतलीस, आईच्या हातची साय माझ्या वाटणीची खाल्लीस. आता हाडातलंही घे."

"ताई, सायकल परत केली होती."

"चाकं वाकडी करून!"

दोघंही हसत होती. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन अग्निशमनाच्या सूचना वाचल्या. दोनदा.

२ एप्रिल

इथली संसद बरखास्त. कीवच्या चौकात तंबू, झेंडे, ढोल. पुण्याहून संपादकांचा फोन — "उद्यापर्यंत आठशे शब्द. लोकशाहीची कसोटी वगैरे." लिहिले. पाठवले. लोकशाहीची कसोटी वगैरे.

बातमीदारी तेवीस वर्षं केली. एवढ्या मोठ्या गोष्टी इतक्या सहज लिहिता येतात आणि एका खाटेबद्दल वाक्य जमत नाही.

८ एप्रिल, ईस्टर

पहाटे टोपली घेऊन चर्चच्या अंगणात. पास्का म्हणजे ईस्टरचा गोड पाव, रंगवलेली अंडी, मीठ, सॉसेज. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं ते निम्मं माझ्या चष्म्यावर.

वॉर्डात बाहेरचं अन्न बंद, पण निनाने आमच्याकडे पाठ करून फरशी पुसली. मिमोझाचा परिणाम! अर्सेनने आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला — "ताई, अंडी कशाला रंगवलीस? हे डोकं रंगवून टोपलीत ठेवायचं होतं!" अंड्यावर अंडं आपटायचा खेळ झाला. तिघांत अर्सेनचं अंडं फुटलं नाही. तेवढ्यावर झीनाचा चेहरा उजळला. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. मीही उजळलो.

काल पास्काचं पीठ मळताना ती दोनदा स्टुलावर बसली. मी म्हटलं, "म्हातारी झालीस हो." म्हणाली, "अर्ध्या वॉर्डासाठी मळतेय. तू येऊन मळ, पंडित." मी पंडित असल्याने मळलं नाही.

११ एप्रिल

झीनाच्या चार नळ्या रक्त घेतलं, मेळ पाहायला. नर्सेने दंडावरचा जांभळा डाग पाहिला. "लगेच काळंनिळं पडतं का तुमचं?"

"नवरा मारतो," झीना म्हणाली.

नर्सेने माझ्याकडे असं पाहिलं की मी क्षणभर स्वतःच विचारात पडलो.

बाजाराच्या पिशवीचा बंद काचला होता म्हणे. निकाल तीन आठवड्यांनी. मध्ये सुट्ट्याच सुट्ट्या.

१५ एप्रिल

ईस्टरनंतरचा रविवार, पितरांचा दिवस. लोकल गाडीने फास्तीवला, सासूबाईंच्या थडग्यावर. सगळं गाव दफनभूमीत टेबलक्लॉथ पसरून जेवत होतं. आपल्याकडे कावळ्याची वाट पाहतात. इथे वाट न पाहता बरोबरच बसतात. मला ही पद्धत आवडते.

झीनाने थडग्यावर अंडं ठेवलं, वोडकाचा पेला ठेवला, आणि शेजारणीशी बोलावं तसं — "आई, अर्सेन आला नाहीये. रागवू नकोस. आणि त्याला इतक्यात बोलवूही नकोस. तुला सोबत पाहिजे असेल तर थोडी थांब. तो फार बडबडतो, तुझं डोकं दुखेल."

निघताना तिच्या नाकातून रक्त आलं. उन्हाने. रुमाल भिजला, माझाही दिला. गाडीत खांद्यावर डोकं टाकून झोपली, कीव स्टेशन येईपर्यंत. मी हललो नाही. खांदा बधिर झाला. मनात म्हटलं, बाई दमली आहे भावापायी.

१९ एप्रिल

संपादकांचा फोन. "सव्वीस तारखेला चेर्नोबिलची एकवीस वर्षं. एखादा लेख होऊन जाऊ द्या. फार जड नको. मागे तुमचं ते एप्रनच्या खिशाचं होतं, फार छान होतं! तसं काहीतरी."

बघतो म्हटलं.

२४ एप्रिल, मंगळवार

जसं घडलं तसंच लिहितो.

सकाळी क्लावदिया मार्कीव्ना म्हणून एक बाई आल्या. साठीच्या, जाड भिंगं, टेपरेकॉर्डर, गुंडाळी केलेला नकाशा. सफाईला गेलेल्यांत रक्ताचे कर्करोग कुणाला झाले, का झाले, याचा अभ्यास करणाऱ्या गटातल्या. वीस वर्षांपूर्वी माणूस नक्की कुठे उभा होता, किती वेळ, हे विचारून त्याच्या हाडांपर्यंत किती किरण पोचले ते काढतात. गेले सहा महिने असेच वॉर्ड फिरतायत.

"कुठे झोपायचात? खिडकी कुठल्या बाजूला? टँकरच्या काचा खाली असायच्या की वर?"

अर्सेन खुश! दीड महिन्यांनी नवा श्रोता. रस्ते सांगितले, वळणं सांगितली, एका कोंबडीचंही सांगितलं. मार्कीव्ना नकाशावर टिंबं काढत होत्या. मग त्यांनी फाइल उघडली. "आकडा सव्वीस. चोवीस दिवसांत. तुमच्या रस्त्यांवर हा जास्त वाटतो मला."

झीना खिडकीपाशी काचेची बरणी टॉवेलात गुंडाळत होती — रस्सा आणला होता. तिने डोळे वटारले. अर्सेनने पाहिलं. आणि त्याला राहवेना!

"बाई, हे आयोगाला कळवणार का?"

"माझी वही आयोगाकडे जात नाही."

"मग ऐका गंमत!"

आणि सांगितली. अख्खी. खानावळीतली मुलगी, एप्रनचा खिसा, साबण, सोडा, हिशेबनीस, बस. आवाज खोल गेलाय, पण जागा एकही चुकली नाही. शेवटी मी सवयीने हसलो. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही हसला.

मार्कीव्ना हसल्या नाहीत. टेप थांबवली नाही. खुर्ची वळवून झीनाकडे बसल्या.

"धुलाईला कपडे कुठून यायचे?"

"तिथूनच," झीना म्हणाली. "अणुभट्टीवर जे काम करायचे त्यांचे. ट्रकने."

"हाताने निवडायचात?"

"मग कशाने? बटणं काढायची, खिसे उलटे करायचे. धूळ झटकायची, नाहीतर यंत्र तुंबायचं."

"एप्रन रोज बदलायचात?"

"एकच होता. सरकारी." ती हसली. "आम्ही पंचवीस जणी. दोन आठवडे म्हणून नेलं होतं."

"तुम्हाला मापक होतं?"

"आम्हाला कशाला? आम्ही धुणं धूत होतो."

"झोपायचात कुठे?"

"तिथेच. खाटा आल्याच नाहीत शेवटपर्यंत. गठ्ठ्यांवर झोपायचो. मऊ असायचे, उबदार. एप्रन गुंडाळून उशाला."

"धुतलेल्या गठ्ठ्यांवर?"

झीनाला प्रश्न विचित्र वाटला असावा. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "छे हो. धुतलेले ओले असायचे."

रेकॉर्डरची टेप फिरताना ऐकू येत होती.

मार्कीव्नांनी चष्मा काढून पुसला. अर्सेनला म्हणाल्या, "यंत्र बिघडलं नव्हतं. तुम्हाला टँकरवर किती लागलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. फाइल तुमची आहे, आकडा हिचा." मग हळूच झीनाला — "तुम्ही किती दिवस होतात तिथे?"

"ऑगस्ट संपेपर्यंत. पंच्याण्णव." आणि लगेच, "पण मला काही झालेलं नाही हं! मला कधी साधी सर्दी होत नाही. विचारा याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? पीठ मळताना बसलीस दोनदा? दंडावरचा डाग? गाडीतला खांदा?

"होत नाही," मी म्हटलं.

अर्सेन भिंतीकडे वळून झोपला होता. झोपला नव्हता. झीनाने बरणी टेबलावर ठेवली. "रस्सा निवतोय," म्हणाली.

२५ एप्रिल

सव्वीस भागिले चोवीस, गुणिले पंच्याण्णव. तीनदा केलं. खोडलं.

२६ एप्रिल

लेख पाठवला नाही. संपादकांना कळवलं, प्रकृती ठीक नाही. कुणाची ते त्यांनी विचारलं नाही.

जुना लेख कपाटातून शोधून काढला. मथळ्याखाली एक व्यंगचित्र — घामाघूम ड्रायव्हर, चक्रम मापक, आणि मागे एक गोलमटोल धोबीण, गाल लाल, हसतेय. चित्रकाराला मीच सांगितलं होतं, धोबीण हसरी काढा म्हणून.

२८ एप्रिल

झीनाला म्हटलं, स्वतःची तपासणी करून घे. "चार नळ्या रक्त दिलंय ना," म्हणाली. "त्यातच कळेल काय ते. सुट्ट्या संपू देत." आणि पडदे काढून धुवायला घेतले! मी पडदे तिच्या हातातून ओढले. तिने परत ओढले. पन्नाशीचा पंडित आणि त्याची बायको ओल्या पडद्याची दोन टोकं धरून स्वयंपाकघरात उभे. शेवटी ती म्हणाली, "सोड. पिळायचाय." मग मी एका बाजूने पिळला.

नंतर, पाठमोरीच — "अर्सेनला म्हणावं, मी रागावलेली नाही. मापक खिशात नसतं तरी मी तिथेच होते ना? त्याने उलट मोजून ठेवलं."

मी "हो" म्हटलं. विद्वत्ता एवढ्यासाठीच मिळवली होती बहुधा — योग्य वेळी हो म्हणण्यासाठी.

३० एप्रिल

एकटाच गेलो वॉर्डात. झीना झोपली होती, उठवली नाही. अर्सेनला ताप. त्याने आज एकही विनोद केला नाही. मी निरोप दिला. तो छताकडे पाहत राहिला.

"दाजी, मी सुटलो ना त्या दिवशी. ते बटण भरलं म्हणून मला घरी पाठवलं. बसमध्ये बसून शिव्या देत होतो." त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "ती मला निरोप द्यायला आली होती. एप्रन घालूनच. म्हणाली, जा रे, मी पण येतेच पाठोपाठ."

मग माझा हात धरला. "बाईंना म्हणावं, तिची अस्थिमज्जा घेऊ नका. नसली जुळत तर बरंच."

"आणि जुळली तर?"

तिला काही सांगू नका, म्हणाला. घरी आलो तर झीना जागी. तीही म्हणाली, त्याला काही सांगू नकोस.

मधल्या मधे मी. दोन्हीकडची भाषा येणारा, म्हणून नेमलेला.

४ मे, शुक्रवार

मेळ बसला. सर्व खुणा जुळल्या. बाई म्हणाल्या, इतका चांगला क्वचित बसतो. पण घेता येत नाही. झीनाच्या रक्तात तेच आहे. सोमवारी तिला खाट मिळेल — तोच मजला, बायकांची बाजू.

बाईंच्या खोलीतून सरळ पुरुषांच्या वॉर्डात गेलो. अर्सेनने विचारलं, "ताई का नाही आली?"

म्हटलं, धुणं काढलंय.